गणपतीपुढची ओल

आता जे लिहिते आहे ते नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि ज्या डॉक्टरीणबाईंनी मला बरं केलं त्यांनाही नाही. त्यांना माझा रोग ठाऊक आहे. रोगाच्या आड उभी राहून मी काय केलं, ते नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि चुकून ओळखत असलात, तर हे वाचून झाल्यावर तशी ओळख दाखवणार नाही, असा माझा अंदाज आहे.

मी मुळात संशयी बाई. डिचोलीच्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकाचं पान कुणी फाडलं ते मला मुलाच्या दप्तराकडे न बघता, त्याच्या नमस्काराच्या लांबीवरून कळायचं. ज्या कार्यक्रमात ऐकणाऱ्यांपेक्षा सत्कार घेणारे जास्त, तिथून मी चहाला न थांबता उठत असे. संशयी माणसाची एक सोय असते — ते सगळ्यांकडे बघत असतं, त्यामुळे त्याच्याकडे बघायला कुणाला सुचत नाही. ही सोय मी पुरेपूर वापरली.

सुरुवात शिंकेने झाली. खाणी अजून चालू होत्या तेव्हाची गोष्ट. खनिजाचे ट्रक शाळेसमोरून दिवसभर जायचे आणि लाल धूळ खिडकी बंद असली तरी कपाटात येऊन बसायची. मी पुस्तकं झटकायची, शिंक यायची, आणि शिंकेबरोबर — थेंबभर. पुढे थेंबभर राहिलं नाही. खोकताना, हसताना, जिना उतरताना. लघवीबद्दल बोलते आहे. बघा, एवढ्या ओळी लागल्या तो शब्द लिहायला.

मी काय केलं असेल? इतकी वाचणारी बाई, लगेच डॉक्टरकडे गेली असेल? मी गडद साड्या घ्यायला लागले. जांभळी, चॉकलेटी, काळपट निळी. मोठ्या सुट्टीत पाणी पिणं बंद केलं. कपड्याच्या घड्या लावायच्या, घरी येऊन धुवायच्या, मोरीच्या दारामागे वाळवायच्या. स्टाफरूममध्ये कुणी नुसतं नाक ओढलं तरी मला वाटायचं, हिला वास आला. कुणी खिडकी उघडली की वाटायचं, माझ्यामुळे उघडली. दोन बायका कुजबुजत असल्या की मी त्यांच्या जवळून मुद्दाम सावकाश जायची, म्हणजे ऐकू येईल. त्या बहुतेक वेळा मुख्याध्यापकांबद्दल बोलत असायच्या.

वय तेव्हा एकोणपन्नास.

आता सुमनबद्दल सांगायला हवं. ते टाळते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुमन माझी धाकटी जाऊ. आमचं मूळ घर पेडण्यात, पार्शाला. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे डिचोलीला. पार्शाचं घर, बागायत, काजू, गुरं, सगळं दीर आणि सुमन बघत. ती सिंधुदुर्गातली, सातवीपर्यंत शिकलेली, तीन बाळंतपणं घरीच झालेली, आणि डोक्यावर काजूची टोपली घेऊन डोंगर उतरणारी. मला ‘वैनी’ म्हणायची. माझ्या हातात पुस्तक दिसलं की मुलांना गप्प करायची. माझा मान ठेवणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मला — खोटं कशाला बोलू — तिचा थोडा कंटाळा यायचा.

चवतीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही पाच दिवस पार्शाला जातो. नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात असतो, आणि त्या चुलीवर राज्य होतं काकींचं. काकी म्हणजे नवऱ्याची विधवा चुलती. त्या रांधत नसत. कोण रांधणार ते ठरवत. आणि सुमन लग्न होऊन आल्यापासून एकोणीस वर्षं त्यांनी पातोळ्यांना तिच्याशिवाय कुणाला हात लावू दिला नव्हता. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ ती अशी पसरायची की उकडल्यावर पानाच्या शिरा पातोळीवर उमटायच्या. वर्षभर तिला त्या घरात कुणी काही विचारत नसे. ते पाच दिवस मात्र घरातले पुरुषही चुलीच्या दाराशी येऊन, आत पाय न टाकता, ‘सुमन, नैवेद्याक कितलो वेळ?’ असं अदबीने विचारत. तिचं सगळं वर्ष त्या पाच दिवसांवर उभं असायचं. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सवलत मला नाही.

त्या वर्षी, बारा-तेरा वर्षं झाली, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गणपतीपुढे फुगड्या सुरू झाल्या. वाड्यावरच्या पंधरा-वीस बायका. मी कोपऱ्यात बसून होते, गुडघ्याचं निमित्त करून. सुमन भांडी घासून तशीच आली, पदर खोचलेला, निऱ्या खाली ओल्या. सरळ माझ्यापुढे येऊन तिने हात पुढे केले. ‘चला वैनी, गुडघे काय पळून जायत नाय.’ सगळ्या हसल्या. मी उठले. का उठले? नाही म्हटलं असतं तर कुणाला तरी संशय येईल, म्हणून.

फुगडी तुम्ही घातली असेल तर ठाऊक असेल — हातांची कात्री, पाय जवळ, अंग मागे टाकायचं आणि फिरायचं. सगळा भार पोटाच्या खाली येतो. सुमनला जोर होता. चौथ्या-पाचव्या फेरीला माझं सुटलं. थेंब नाही. सगळंच. मी थांबवू शकले नाही आणि फिरणंही थांबवू शकले नाही, कारण हात तिच्या हातात. थांबलो तेव्हा दोघींच्या मधोमध, गणपतीच्या समोर, जमिनीवर ओल पसरलेली.

काकी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी आधी जमिनीकडे बघितलं, मग आम्हा दोघींकडे.

‘ह्यां पाणी खयचां गो?’

माझी साडी गडद जांभळी, तिच्यावर काही दिसत नव्हतं. सुमनची पोपटी, खालून ओली — भांड्यांच्या पाण्याने. एवढं सगळं मी त्या क्षणी बघितलं, तोललं. घाबरून बोलले असं मला म्हणता येत नाही. घाबरलेलं माणूस इतकं नीट बघत नाही. मी सुमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या शुद्ध मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मायेने म्हणाले,

‘सुमन, तुला बरं वाटत नाही ना? जा, आत जाऊन जरा बस.’

बस. एवढंच. तिचं नाव घेऊन मी आरोप केला नाही. काही खोटंसुद्धा बोलले नाही, नीट वाचलंत तर. तिने खाली बघितलं, आपल्या निऱ्यांकडे बघितलं, आणि गेली.

जमीन धुतली. गोमूत्र शिंपडलं. मी बादली आणून दिली.

आणि पुढचं ऐका. थोड्या वेळाने मी मागच्या पडवीत गेले. ती तोंड धुऊन उभी होती. मला वाटलं, आता विचारील. मी उत्तर तयार ठेवलं होतं — काहीसं रागावलेलं, म्हणजे तिला पुढे बोलता येऊ नये. ती जवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले.

‘वैनी, तुमी आसलात म्हणान बरां. दुसरी कोण आसती तर चार लोकांत माजी अब्रू काडली आसती. माका कळलांच नाय कदी जालां तां.’

तिला कळलंच नाही कधी झालं ते. समजलं ना? तिसऱ्या बाळंतपणापासून तिलाही तेच होत होतं. टोपली उचलताना, खोकताना. तीही कपड्याच्या घड्या लावत होती. एका घरातल्या दोन जावा, चवतीच्या पाच दिवसांत एकाच न्हाणीघरात, एकमेकींपासून लपवून तेच कपडे वाळवत होत्या. म्हणून तिला स्वतःचा संशय आला. माझा आलाच नाही. तेव्हा तरी सांगायचं की नाही? पडवीत आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, ‘राहू दे गं. मनावर घेऊ नकोस.’

चौथ्या दिवशी काकींनी तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. ‘देवाचां काम. पुन्ना जालां तर?’ एवढंच म्हणाल्या, कडक आवाजातही नाही. पातोळ्या माझ्याकडे आल्या. थोरली सून, शिकलेली, स्वच्छ. माझ्या पातोळ्या फाटायच्या. कुणी काही बोलत नसे. सुमन मागच्या पडवीत घरच्या जेवणाची भाजी चिरत बसायची, आणि पुरुष चुलीच्या दाराशी येऊन आता मला विचारायचे.

त्याच महिन्यात मी म्हापशाला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. भीती बसली होती. सुमनसाठी वाईट वाटून नव्हे, पुन्हा सापडेन म्हणून. जाताना मला डॉक्टरांचाही संशय होताच. वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या — खुर्चीत बसा, लेझर घ्या, तरुण व्हा. मला वाटलं, हीही काहीतरी यंत्र दाखवील. तिने यंत्र दाखवलं नाही. तपासलं, लघवीची तपासणी केली, किती वेळा जाता, काय करताना सुटतं, ते तीन दिवस वहीत लिहून आणायला सांगितलं. म्हणाली, ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते, ती सैल पडली आहे. घाई होऊन सुटत असतं तर थोडी वेगळी गोष्ट, त्याला गोळ्या असतात. माझं जोर पडल्यावर सुटणारं. आधी व्यायाम, नियमाने, तीन-चार महिने. बहुतेकींना त्याने बराच फरक पडतो. नाही पडला तर पुढे ऑपरेशनही आहे, पण ते पुढचं. पाणी तोडू नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, चहा कमी करा. आणि तिने मला शेजारच्या खोलीत फिजिओथेरपीच्या मुलीकडे पाठवलं.

त्या मुलीने शिकवलं. वारा अडवताना जसं आत ओढतो तसं ओढायचं, धरायचं, पूर्ण सोडायचं. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. शिंक येणार असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. लघवी करताना मधेच थांबवून सराव करायचा नाही. इतकं साधं की मला पुन्हा संशय आला. पण केलं. वाचनालयाच्या टेबलामागे बसून, चेहरा गंभीर ठेवून. सगळ्यात जास्त व्यायाम मी वार्षिक समारंभात केला. प्रमुख पाहुण्यांचं भाषण तेवढ्या एका कामाला पुरेसं लांब असायचं. चौथ्या महिन्यात मी धूळ झटकली, शिंकले, आणि कोरडी राहिले. कपाटाला टेकून रडले थोडी. खोटं नाही.

मग मी सुमनला फोन केला असेल, नाही का?

नाही केला. कसा करणार? ‘व्यायाम आहे’ म्हटलं की ‘तुमकां कसां म्हायत’ आलं. तिथून त्या संध्याकाळपर्यंत किती अंतर? आता संशय तिच्यावर वळला. तिने हळदीची पानं पाठवली की वाटायचं, टोमणा आहे. काजू पाठवले की वाटायचं, काहीतरी कळलंय हिला. ती साधेपणाने पाठवत असेल, हे मानायला मी तयार नव्हते. तशी ती असती तर मी कोण ठरले असते?

चार वर्षांनी पार्शाच्या देवळाच्या सभागृहात महिला आरोग्य शिबिर झालं. मी सुट्टीत तिथेच होते. समई, पुष्पगुच्छ, शाली, दीड तास भाषणं. बायकांच्या आरोग्यावर एकामागून एक पाच पुरुष बोलले. सभागृहाच्या संडासाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो प्रमुख पाहुण्यांना आणायला गेला होता. सुमन माझ्या शेजारी पायावर पाय घट्ट टाकून बसलेली. मधेच उठून गेली, परत आली ती मागच्या खुर्चीवर बसली. भाषणं संपली तेव्हा तपासायला आलेल्या डॉक्टरांची निघायची वेळ झाली होती. त्यांनी रक्तदाब बघितले. हे सगळं मी मनातल्या मनात किती मजेत टिपत होते! घरी आल्यावर नवऱ्याला रंगवून सांगायचं ठरवत होते.

परत येताना, पायवाटेवर, सुमनने विचारलं. पुढे चालत होती, मागे न बघता.

‘वैनी, तुमी येवडी पुस्तकां वाचतात. ह्येच्यार काय औशद आसतां काय ओ?’

पुढे-मागे कुणी नव्हतं. मला सगळं पाठ होतं. किती मोजायचं, कधी सोडायचं, किती महिने. डॉक्टरीणबाईंचं दार कुठल्या जिन्यावर आहे तेसुद्धा. मी म्हणाले,

‘वयाचं असतं गं ते. सगळ्यांना होतं. औषध-बिषध काही नसतं. पाणी थोडं कमी पी.’

तिने ऐकलं. ती माझं नेहमीच ऐकायची. पाणी कमी केलं. मग जळजळ, मग ताप, मग पुन्हा. दिराने एकदा फोनवर सांगितलं की ती आता लग्नाकार्याला जात नाही, बसने तर नाहीच. काजूच्या टोपल्या मात्र उचलत होती. मी ‘काळजी घ्या’ म्हणाले. फुगडीतलं ते वाक्य एका क्षणाचं होतं असं एखादा म्हणेल. हे क्षणाचं नव्हतं. हे मी वर्षानुवर्षं, दर फोनला, दर चवतीला पुन्हा केलं.

गेल्या वर्षी सुमनच्या मुलीचा फोन आला. आईचं अंग बाहेर येतं, उभं राहवत नाही, पण डॉक्टरकडे यायला तयार नाही. वैनी आल्या तर येईन म्हणते. मी गेले. दुसरा डॉक्टर शोधायचा असं मी आधी ठरवलं होतं, हेही लिहून ठेवते. मुलीने नेमकी म्हापशाच्या त्याच बाईंकडे वेळ घेतली होती.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं असलं तरी दाखवलं नाही. सुमनला तपासलं, शांतपणे सांगितलं. गर्भाशय खाली उतरलंय. आत बसवायची सिलिकॉनची कडी असते, ती आधार देते, अधूनमधून येऊन काढून साफ करून पुन्हा बसवायची. बरोबर व्यायाम. त्याने भागलं नाही तर ऑपरेशन. ओझी बंद, पाणी भरपूर. सुमन ‘पाणी भरपूर’ला माझ्याकडे बघते का, ते मी बघत होते. तिने बघितलं नाही. विचारलं एवढंच, की आधी आले असते तर? बाई म्हणाल्या, आधी आला असता तर नुसत्या व्यायामानेसुद्धा बरंच सावरलं असतं. पण उशीर झाला असंही नाही.

मग शेजारची खोली. तीच मुलगी, आता भरलेल्या अंगाची बाई. मला बघून उभी राहिली.

‘मॅडम, तुम्ही! पुस्तक घेऊन यायचात बघा. व्यायाम चालू आहेत ना? तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.’

तिच्या टेबलावर एका मुलाचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता. सुमनने फोटोकडे बघितलं, विचारलं, कितवीत? चौथीत, ती म्हणाली.

भाड्याच्या गाडीने परतताना सुमन खिडकीशी, मी बाजूला. पूल ओलांडल्यावर तिने विचारलं.

‘वैनी, तुमी थंय कदी गेल्लात? त्या चवतीच्या आदी, काय मागीर?’

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल मला कुणी विचारलेला हा पहिलाच सरळ प्रश्न. आणि मी?

‘खूप नंतर गं,’ मी म्हणाले. ‘अगदी अलीकडे.’

ती बाहेर बघत म्हणाली,

‘हां. मगे शिबिराच्या वेळार तुमकां म्हायत नासतलां.’

म्हणजे सुटकेची वाट तिनेच काढून दिली, आणि मी त्या वाटेने चालत गेले. ‘नव्हतं ना,’ असं म्हणाले. चौथीतल्या मुलाचं वय तिला मोजता येत नसेल? तीन मुलं वाढवलेली बाई. तिला कळलं का, कळून तिने मला सोडलं का, की खरंच विश्वास ठेवला — हे मला माहीत नाही. विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

आता तिला बरं आहे. कडी बसली, व्यायाम करते, माझ्याहून नियमाने. खोकते तेव्हा पाय आवळत नाही. बसने मुलीकडे जाऊन आली.

काकी जाऊन दोन वर्षं झाली. चुलीपाशी कुणाला अडवणारं आता घरात कुणी नाही. यंदा चवतीला, सकाळी आंघोळ करून मी तिला म्हणाले, ‘सुमन, पातोळ्या तू कर.’ ती दाराच्या बाहेर उभी होती. मान हलवली.

‘नाका वैनी. एकदां देवाच्या फुड्यात जालां, तां जालां. माज्या मनाक बरां दिसणां नाय.’

दोघींच्या मधे तेवढा उंबरा. घरात दुसरं कुणी जागं नव्हतं. ‘ते माझं होतं’ — एवढं म्हणायला काय लागलं असतं? मी ‘बरं’ म्हणाले आणि पानं पुसायला घेतली.

नैवेद्य झाल्यावर प्रसाद वाटला. मी केलेली, कडेला फाटलेली एक पातोळी तिच्या हातावर ठेवली. तिने ती कपाळाला लावली आणि पडवीत बसून खाल्ली.